बाहेरच्या खिळ्यावर

टाळ्या अजून वाजतच होत्या, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. हिरवळीवर निळी ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर वाळू भरलेली दहा लाकडी खोकी ओळीने मांडलेली होती. प्रत्येक खोक्यावर क्रमांक, वजन आणि ज्या खऱ्या वस्तूच्या जागी ते आज बाहेर आलं होतं तिचं नाव. खऱ्या वस्तू आत आपापल्या कपाटांत सुखरूप होत्या. आग नव्हती, धूर नव्हता, नुसती तालीम होती. पण संग्रहालयाच्या या दोनशे वर्षं जुन्या, लाकडी तुळयांच्या इमारतीत अशी तालीम पहिल्यांदाच होत होती, आणि पहिल्याच खेपेला अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत दहाच्या दहा नग बाहेर आले म्हटल्यावर शिपायांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे चेहरे उजळले होते. अग्निशमन अधिकाऱ्यानेसुद्धा घड्याळ बंद करून मान डोलावली होती. आणि ज्याने आठ महिने खपून ही सगळी योजना लिहिली तो अभिरक्षक, बावन्न वर्षांचा, जरासा वाकलेला, हातातली यादी छातीशी धरून उभा होता. कित्येक वर्षांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं. नेमकी तेव्हाच खिडकी उघडली आणि तिच्यातून एक पांढरं डोकं बाहेर आलं. चष्मा कपाळावर, दोन्ही हात ओले.

"अगं बाई, आज चहा बाहेर आहे होय?" वरून आवाज आला. "आणि मला कुणी बोलवायचं नाही का?"

हशा पिकला. एक शिपाई ओरडला, "या, या, बाई! बिस्किटं संपायच्या आत या!" आणि उतू जाणारं दूध गॅस बंद केल्याबरोबर खाली बसावं तसा तो हशा एकदम बसला. कारण अधिकारी हसत नव्हता. तो झाडाला टेकवलेल्या फळ्यापाशी गेला होता. हा फळा म्हणजे संग्रहालयाची जुनी रीत. जिन्याच्या पायथ्याशी तो टांगलेला असे, त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर', आणि माणसागणिक एक पितळी बिल्ला. आलात की आतल्या खिळ्यावर लावायचा, गेलात की बाहेरच्या. आगीच्या वेळी पहारेकऱ्याने हा फळा उचलून सगळ्यात शेवटी बाहेर आणायचा, असं योजनेत पहिल्याच पानावर होतं, आणि त्याने आणलाही होता. एकतीस बिल्ले. एकतीसच्या एकतीस उजवीकडे.

"सात नंबर कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कागदबाई," कुणीतरी म्हणालं.

"फळा म्हणतो त्या बाहेर आहेत." त्याने वर खिडकीकडे पाहिलं. "खिडकी म्हणते त्या आत आहेत. आज मी खिडकीचं ऐकतो. खऱ्या आगीत मी फळ्याचं ऐकलं असतं. माझी माणसं वर गेलीच नसती."

तिसरा मजला तपासायचं काम ज्याच्याकडे होतं तो शिपाई पुढे झाला. "साहेब, मी जिन्यापाशी गेलो होतो. सातचा बिल्ला बाहेर लटकत होता. म्हणून मी वर नाही गेलो. नियमच तसा आहे ना? बिल्ला बाहेर असेल तर वर जाऊन वेळ घालवायचा नाही." नियम तसाच होता. अभिरक्षकाने स्वतः लिहिला होता, पान चौदावर. "मग हा हलवला कुणी?" अधिकाऱ्याने विचारलं, आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. अभिरक्षकाने मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात यादीच्या कडेवर शांत पडून होता.

घंटा वाजली तेव्हा तो टेबलावरून उठला होता, यादीचा सीलबंद लखोटा घेतला होता (ही यादी उघडी ठेवायची नाही, नाहीतर कुठली वस्तू आधी उचलावी याची चोरांना आयती आमंत्रणपत्रिका), जिन्यापाशी आला होता, आणि फळ्यासमोर थांबला होता अर्धा क्षण. आपला बिल्ला उजवीकडे. तेवढं त्याला आठवत होतं. त्यापुढचं आठवायला नको होतं, कारण त्यात आठवण्यासारखं काही नव्हतंच. जसं आपण डाव्या पायात चप्पल घातली की नाही हे आठवत नाही, ती घातलेलीच असते. वीस वर्षं रोज संध्याकाळी तो कागदबाईंच्या बरोबर खाली येई. बाई बोलण्याच्या नादात सरळ दाराकडे जात, आणि मागे राहून तो आपला बिल्ला हलवी, मग त्यांचा. दोनदा टिक, टिक. आधी त्याला गंमत वाटे, मग ते काम झालं, मग तेही राहिलं नाही. हाताची एक हालचाल तेवढी उरली. आज त्याच हाताने, त्याच क्रमाने, जिवंत माणूस वर असताना, बाईंना कागदोपत्री बाहेर काढून टाकलं होतं. आणि कागदोपत्री बाहेर असलेल्या माणसाला आगीतून सोडवायला कोणी जात नाही.

हाताला बातमी उशिरा कळते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आई गेली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. ती गेल्यावर कितीतरी दिवस तो घरी आला की दारातल्या तिच्या चपला पायाने सरळ करून ठेवत असे, तिला निघताना सोयीचं पडावं म्हणून. एक दिवस बहिणीने त्या चपला उचलून कुठेतरी नेल्या, तरी त्याचा पाय त्या जागी येऊन जरासा घुटमळे. त्याच वर्षी तो इथे कामाला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला गोल लोखंडी जिना चढून वर पाठवलं होतं, कागद दुरुस्तीच्या खोलीत, काहीतरी सही आणायला. उत्तरेकडची मोठी खिडकी, तिच्याखाली लांब टेबल, टेबलावर पाण्याचे उथळ ट्रे, दोऱ्यांवर वाळत घातलेले कागद, आणि त्या कागदांच्या मधून फिरणारी एक चाळिशीला टेकलेली बाई, हलक्या आवाजात देवाचं पद म्हणत. गोड गळा होता तेव्हा. ती पद म्हणत म्हणत एक पान पाण्यात सोडत होती, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरावं तसं धरून. त्याला पाहून ती थांबली नाही. कडवं संपवलं, पान पाण्यावर ठेवलं, आणि मग म्हणाली, "जेवलास का?" सहीचं नंतर. त्याचं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे. त्या दिवशी तिने त्याला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं होतं, आणि कुणी गेलंय का, कोण, कधी, यातलं काही विचारलं नव्हतं. पुढे वर्षभर तो वेळ मिळेल तसा तिच्या हाताखाली कागद धुवायला, चिकटवायला शिकला. नंतर त्याला वाटायचं, फाटलेला कागद दुरुस्त करणाऱ्याला तो कसा फाटला हे विचारायची गरज पडत नसावी. कडा बघूनच कळत असावं.

"शुक्रवारपर्यंत मला दोन गोष्टी लेखी हव्यात," अधिकारी फळा परत झाडाला टेकवत म्हणाला. "एक, हा बिल्ला बाहेर कसा गेला. दोन, सात नंबरला वरून खाली यायला किती मिनिटं लागतात. घंटेपासून पाच मिनिटांत माणूस बाहेर आलं पाहिजे. पाचच्या वर गेलं तर तिसरा मजला बंद. वस्तू राहू देत, माणूस नाही बसायचं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वर खिडकीत कागदबाई अजून उभ्या होत्या, हाताने 'मी येऊ का?' असं विचारत. कुणीच उत्तर देईना म्हटल्यावर त्यांनी हसून हात हलवला आणि खिडकी लावून घेतली.

नंतर संचालक त्याला आपल्या खोलीत घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता, पण भानगड दिसली की आधी दार लावून घ्यायचा. "हे बघा, यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काही नाही. बाई खाली आल्या असतील, बिल्ला हलवला असेल, काहीतरी विसरलं म्हणून परत वर गेल्या असतील. वय झालंय. ऐकू येत नाही. तसं लिहा. आणि मिनिटांचं म्हणाल तर, चार लिहा, साडेचार लिहा. तुम्हीच मोजणार, तुम्हीच लिहिणार. कुणाचं काय जातंय?" तो 'बघतो' म्हणाला. बाहेर आल्यावर ते वाक्य त्याच्या कानात घुमत राहिलं. खरंच, कुणाचं काय जात होतं? बाई निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. निरोपसमारंभाच्या दुसऱ्याच दिवशी त्या नेहमीसारख्या साडेदहाला आल्या होत्या, कारण ट्रेमध्ये काम अर्धवट होतं आणि दुसऱ्या कुणाला ते एकट्याने जमत नव्हतं. मग तशाच येत राहिल्या. घरी कोणी नव्हतं. सकाळी पायऱ्या चढून वर जायचं, दिवसभर वर राहायचं, संध्याकाळी त्याच्याबरोबर उतरायचं, असा त्यांचा नेम होता. त्या खोलीइतका उजेड दुसऱ्या कुठल्याच खोलीत नव्हता, पाण्याची सोयही नव्हती. खोली बंद होणं म्हणजे बाईंनी खाली येणं नव्हे. बाईंनी घरी जाणं होतं. एक आकडा. पाचाच्या अलीकडचा किंवा पलीकडचा. तेवढा लिहायचा होता.

आणि योजना लिहिताना तो बाईंना विसरला होता असंही नाही. उलट, कुणासाठी केलं नव्हतं ते त्यांच्यासाठी केलं होतं. घंटा ऐकू येत नाही म्हणून त्यांच्या भिंतीवर लाल दिवा बसवला होता, घंटेबरोबर उघडझाप करणारा. तालमीनंतर वर जाऊन पाहिलं तर दिव्यावर एप्रन वाळत घातलेला. "तो डोळ्यांत खुपतो रे," बाई म्हणाल्या होत्या, "आणि दुसरी खुंटी कुठे आहे इथे?" कानाचं यंत्रही ड्रॉवरमध्ये. ते लावलं की कागद ओरडतो म्हणे; एरवी तो कुजबुजतो, आणि कुजबुज त्यांना बोटांनी ऐकू येते. यावर काय बोलणार? त्यांना ओरडावंसं त्याला वाटलं, पण नुसतं समजेल असं बोलायलासुद्धा ओरडावंच लागत होतं. मग रागावायला वेगळा आवाज कुठून आणायचा?

संध्याकाळी घरी बायकोला त्याने सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. "म्हणजे तूच हलवलास."

"हो."

"आणि तिथे गप्प बसलास."

तिने एक शर्ट झटकला. "पंचवीस वर्षांत माझ्या हातातली पिशवी कधी आपणहून घेतली नाहीस. आणि तिचा बिल्ला म्हणे रोज हलवायचास." मग त्याचं तोंड बघून तिचा सूर उतरला. "अरे, टोमणा नाही मारत. म्हणजे मारला, पण तो वेगळा हिशोब, तो आपण नंतर करू. आता सांग, काय लिहिणार आहेस?"

"खरं लिहिलं तर ती खोली जाईल."

"आणि खोटं लिहिलंस तर?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते, एकेका चौकोनात एकेक माणूस. खोटं लिहिलं तर काहीच होणार नाही, बहुधा. दोनशे वर्षांत इमारत जळली नव्हती. साडेचार मिनिटं. बाई रोज वर जातील, पद म्हणतील. आता ते पद बेसूर व्हायचं; लय पक्की होती, पण सूर कानावाचून भटकत असे, आणि खालच्या मजल्यावर आलेले लोक वर बघून हसत. तो कधी हसला नाही. तेच पद गोड गळ्यात कसं होतं हे ठाऊक असलेला त्या इमारतीत आता तो एकटाच होता. काहीच होणार नाही, बहुधा. मग त्याला आपलंच एक वाक्य आठवलं, योजनेच्या प्रस्तावनेत लिहिलेलं: 'बहुधा या शब्दावर कोणतीही व्यवस्था उभी करता येत नाही.' लिहिताना स्वतःवर खूश झाला होता. संचालकांनी त्याखाली रेघ मारली होती.

"उद्या आधी मोजतो," तो म्हणाला. "कोण जाणे, पाचात येतीलही."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घड्यांचा ढीग उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो वर गेला. बाईंनी नुकतंच एक पान पाण्यात सोडलं होतं. एका जुन्या दवाखान्याच्या नोंदवहीतलं, कुणाकुणाच्या मुलांच्या जन्माच्या नोंदी असलेलं, कडा खाल्लेलं, डाग पडलेलं. आग लागल्यावर आधी उचलायच्या दहा वस्तूंत ते नव्हतं, शंभरांतही नव्हतं. "खाली चला," तो त्यांच्या कानाशी म्हणाला, "चहा घेऊ." बाईंनी ट्रेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "अर्ध्या तासात काढायला हवं हे." पण उठल्या. त्या दाराशी आल्या तसं त्याने खिशात हात घालून घड्याळाचं बटण दाबलं. देवा, तो मनात म्हणाला, मी तुझ्याकडे फार काही मागत नाही, माझा तसा स्वभावही नाही. पण आज या दोन गुडघ्यांना एवढी पाच मिनिटं दे. एवढी एकच गोष्ट दे, बाकी माझं मी बघतो.

जिना गोल होता, चौऱ्याहत्तर पायऱ्यांचा, आणि एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. तो पुढे, बाई मागे, हात कठड्यावर. प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, मग जरासा श्वास. रोज संध्याकाळी तो असाच त्यांच्या पुढे उतरत असे, आणि वीस वर्षांत या उतरण्याला किती वेळ लागतो हे त्याला कधी कळलं नव्हतं, कारण बाई बोलत असत. आज तो बोलत नव्हता, म्हणून त्याही गप्प होत्या, आणि प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा येत होता. सतराव्या पायरीशी तीन मिनिटं झाली. बाई नेहमीच्या वळणावर थांबल्या, जिथे भिंतीत एक झरोका होता, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्याला वाटलं, त्यांना म्हणावं, थांबू नका. पुढच्याच क्षणी वाटलं, उलट थांबा, इथेच थांबा, आपण खाली जायलाच नको. बेचाळिसाव्या पायरीवर पाच मिनिटं कधीच मागे पडली होती. देवाने ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून नाही म्हटलं होतं. नाही म्हणण्याचाही त्याला अधिकार आहे, हे आपण मागताना विसरतो. मग तो थांबला आणि मागे वळला. त्याचं डोकं बाईंच्या कमरेशी होतं.

"बाई, काल तुमचा बिल्ला मी हलवला," तो म्हणाला.

"काय?"

"बिल्ला! मी हलवला!"

"कोण हलला?"

आणि मग त्याला ते ओरडून सांगावं लागलं, एकेक शब्द तोडून. लोखंडी जिन्याने तो प्रत्येक शब्द उचलून वरखाली फिरवला. "काल! घंटा झाली तेव्हा! तुमचा बिल्ला! मी! बाहेर लावला! सवयीनं!" खाली कुठेतरी झाडू मारायचा आवाज थांबला. सगळ्या इमारतीने ऐकलं असणार. लोक देवापुढे नाहीतर उशीत तोंड घालून कबुली देतात. त्याला ती अशी, कुणाला हाक मारावी तशी द्यावी लागली.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. ऐकू न येणारी माणसं सहसा मोठ्याने बोलतात. बाई हळू बोलल्या. "मला ठाऊक आहे रे."

"काल कुणी सांगितलं?"

"काल नव्हे, शहाण्या. पहिल्यापासून." त्या कठड्याला टेकल्या. "तुला काय वाटलं, मी वीस वर्षं विसरत होते? कागदाचा कण न् कण आठवणारी मी, बिल्ला विसरेन? एकदा विसरले होते, अगदी सुरुवातीला. वळून बघते तर तू लावत होतास. कुणी बघत नाहीये असं वाटून. मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नाही लावला. बघू म्हटलं." त्या हसल्या, आणि हसताना त्यांचा श्वास लागला. "दिवसभरात माझं म्हणून कुणी करतं अशी तेवढीच एक गोष्ट होती. घरी कुलूप मीच लावते, मीच काढते. म्हटलं, राहू दे. एवढं एक राहू दे."

तो जिन्यावर उभा राहिला. काही बोलायचं तर ते परत ओरडावं लागलं असतं. त्याने हात पुढे केला. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि कठडाच धरला. "मोजतोयस ना? मग हात देऊ नकोस. आगीत हात द्यायला तू असशीलच असं नाही."

उरलेल्या पायऱ्या त्यांनी तशाच उतरल्या, न थांबता, दात आवळून, जणू आता त्यांनाच तो आकडा कमी करून दाखवायचा होता. शेवटच्या पायरीवर पाय टेकला तेव्हा त्यांच्या ओठांवर घाम होता. "किती?"

त्याने घड्याळ बाहेर काढलं. नऊ म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं. नऊही पाचाच्या वरच होते, मग त्याने काय साधणार होतं देव जाणे. पण जीभ पोटातली माया बघते, आकडा बघत नाही. "चौदा," तो म्हणाला. बोटांनीही दाखवलं, दहा आणि चार.

"जास्तच झाली की." बाई म्हणाल्या. "मला बारा वाटली होती."

त्याच्या खोलीत चहा आला. बाईंनी बशीत ओतून घेतला, दोन घोट घेतले आणि टेबलावर पसरलेले कागद आपल्याकडे ओढले. योजनेच्या शेवटी जोडायचा तक्ता होता तो, खोलीगणिक एक ओळ: वस्तू किती, बाहेर पडायचे रस्ते किती, नेहमी बसणारी माणसं किती. चाळीस खोल्या भरून झाल्या होत्या, शाईने. तेरा नंबरच्या, म्हणजे बाईंच्या खोलीच्या ओळीत वस्तू शाईने होत्या, रस्ता 'एक' शाईने होता, आणि माणसांच्या चौकटीत पेन्सिलने पुसटसं 'एक'. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे पेन्सिलीनं का?"

"बाई, काहीतरी मार्ग काढू. तळमजल्यावर एखादी खोली..."

"उजेड?"

त्याने तक्त्यावरचा हात मागे घेतला.

"तळमजल्यावर ओल आहे. तिथे कागद नेलेस तर तुझ्या योजनेच्या आधी मीच त्यांना मारीन." त्यांनी एप्रनच्या खिशातून आपला रबर काढला, तो पांढरा, मऊ, जो त्या कुणाला हात लावू देत नसत. दोन बोटांत धरून, एकाच दिशेने, कागदावर जोर न देता, फुंकर मारल्यासारखा तो 'एक' पुसून टाकला. चुरा तळहातावर घेतला. कागद उजेडाला तिरका धरून बघितला. तिथे कधी काही लिहिलं होतं असं कुणालाही कळलं नसतं. "लिही आता. शाईनं."

"घरी काय करणार तुम्ही?" तो म्हणाला. मोठ्याने म्हणायचं विसरला, पण त्यांनी ओठांवरून ओळखलं.

"टेबल आहे की घरी. पाणीही आहे." चहा संपवून बशी खाली ठेवली. "कागद नाहीत, एवढंच. ते इथून बाहेर न्यायचे नाहीत, हा नियम मीच केलाय, तुझ्या जन्माच्या आधी म्हण हवं तर." मग तक्ता त्याच्याकडे सरकवत, "लिही रे. बिल्ल्याचंही लिही, तू हलवलास म्हणून. माझ्या नावावर नको हं घालूस. संचालक सांगत असेल तुला, मी ओळखते त्याला. म्हातारी विसरली असं नको लिहूस. मी काहीच विसरले नाही."

त्याने पेन उचललं. चौकट लहान होती, त्यात एकच आकडा मावत होता, आणि तो काढायला हाताला काहीच करावं लागत नाही. एक वळसा आणि परत जिथून निघालो तिथे. त्याचा हात थांबला. मग हाताने तेही केलं. बाईंनी वाकून पाहिलं आणि मान हलवली, तो पहिल्या वर्षी काही नीट चिकटवी तेव्हा हलवत तशी. आणि तशाच वाकलेल्या असताना त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली.

"अरे देवा! पान पाण्यात आहे!" त्या उठू लागल्या, टेबलाची कड धरून, अर्ध्या उठल्या आणि थांबल्या. वर जायला त्यांना किती वेळ लागतो हे त्याने मोजलं नव्हतं. मोजायची गरज नव्हती, दोघांनाही. त्या हळूच परत खुर्चीत बसल्या. "तू जा," त्या म्हणाल्या. "हात धुऊन घे. घाई करू नकोस, पण लवकर जा."

तो गेला. दोन दोन पायऱ्या गाळत, छाती फुटेपर्यंत. वर खोलीत उजेड भरून राहिला होता. पान पाण्यावर तरंगत नव्हतं, पाण्यातच होतं, अगदी वरच्या थरात, आणि त्यातली कुणाकुणाच्या मुलांची नावं तळाशी पडल्यासारखी दिसत होती. त्याने बाह्या सारल्या. पानाखाली जाळी सरकवली, दोन्ही टोकं धरून पाणी निथळेस्तोवर तिरकी केली, टिपकागदावर उतरवली, वरून दुसरा टिपकागद ठेवला आणि तळहाताने मध्यापासून कडेकडे दाबत गेला. एकाही ठिकाणी फाटलं नाही. हे काम तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकट्याने करत होता आणि ते नीट झालं होतं, आणि ते बघायला तिथे कोणी नव्हतं. ट्रे रिकामा केला. हात पुसले. आता खाली जायला हवं होतं. तक्ता पूर्ण झाला होता, सही करायची होती, शुक्रवार उद्याच होता. या खोलीत नेहमी बसणारी माणसं: शून्य. तो जोवर इथे होता तोवर तेवढा एक आकडा खोटा होता. तो टेबलापाशी गेला, बाईंचं स्टूल ओढलं आणि बसला.